पुसणारीचा चेहरा

२ मार्च

वन्सं,

माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा आधी चष्मा पुसून घ्या. फोन केला असता, पण मला धड ऐकू येत नाही आणि मग मी ओरडून बोलते. काही गोष्टी वरच्या मजल्यापर्यंत ऐकवायच्या नसतात.

माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली आहे. कधीपासून पोट फुगत होतं. कधी दिवसचे दिवस काही नाही, कधी दिवसभर तेच. मी म्हटलं वय झालं. सुनेने ऐकलं नाही, धरून दवाखान्यात नेलं. तिथे नळी घालून बघितलं. कुठून घातली ते विचारू नका. गाठ बरी की वाईट ते काढल्यावर कळेल म्हणतात, म्हणजे वाईटच असणार. बरी असती तर डॉक्टर इतकं गोड बोलला नसता.

चोवीस तारखेला ऑपरेशन ठरलं आहे. आतड्याचा खराब तुकडा कापून टाकायचा आणि दोन टोकं जोडायची. इथपर्यंत मला काही वाटलं नाही. हॉटेलच्या लाँड्रीत मी जन्मभर दुसरं काय केलं? फाटलेली चादर, विरलेला भाग कापायचा, चांगल्याला चांगला जोडायचा. पण मग त्याने विचारलं, "आजी, सांध्यांसाठी ही स्टिरॉइडची गोळी किती वर्षं घेताय?" म्हटलं, अकरा तरी झाली. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाला, या गोळीने कातडी पातळ होते, जखम उशिरा भरते, आतला जोड सुटायची भीती असते. म्हणून बहुतेक पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावावी लागेल. काही महिने सगळं त्या पिशवीत येईल, मग पुढचं पुढे.

"बहुतेक" हा त्याचा शब्द मी धरून ठेवला आहे.

मरणाचं म्हणाल तर कधीतरी यायचंच आहे, त्याला मी खुर्ची देणार नाही आणि हाकलणारही नाही. मला पिशवी नको. तुमच्या आईचं शेवटचं दीड वर्ष मी काढलं. तुमची नोकरी होती, तुम्ही सुट्टीत यायचात. त्यावर मी तेव्हा बोलले नाही, आताही बोलत नाही. पण पुसणारीच्या चेहऱ्यावर काय असतं ते मला माहीत आहे, कारण तो चेहरा माझा होता. तोंडातून मी शब्द काढला नाही कधी. त्या डोळे मिटून पडायच्या. मला वाटायचं, झोपल्या. आता वाटतं, झोपल्या नव्हत्या, बघायचं नव्हतं त्यांना.

आमच्या दोन खोल्या. नात माझ्याच पलंगावर झोपते, पाय माझ्या पोटावर टाकून. आता तुम्हीच सांगा.

येऊ नका. आलात तर तुम्हाला कपाटावर झोपवावं लागेल.

तुमची वहिनी


७ मार्च

वहिनी,

पत्र वाचलं. एकदा उभ्याने, एकदा बसून.

तुम्ही घाबरला आहात आणि ते लपवायला पिशवीवर घसरला आहात, हे न कळायला मी काल जन्मले नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर दोन वर्षं पिशवी लावून हिंडतात. सकाळी फिरतात, पत्ते खेळतात, हरले की भांडतात. कपड्यांच्या आत कोण बघायला येतं? वास येत नाही. मी शेजारी बसून बघितलं आहे, आणि माझं नाक कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आईचं लिहिलंत. त्यावर लिहायला घेतलं होतं, कागद फाडला.

त्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना नीट विचारा. ऑपरेशनच्या दिवशी घ्यायची का, किती घ्यायची, सगळं. तुम्ही डॉक्टरांपुढे मान हलवता आणि घरी येऊन आपल्या मनाचं करता, ही तुमची जुनी सवय आहे.

मनात येईल ते मला लिहीत जा. मुलाला आणि सुनेला सांगता येत नाही असं बरंच असतं. मी टेलिफोनच्या ऑफिसात उभा जन्म काढला, अख्ख्या शहराची भांडणं, प्रेमं आणि थापा या कानांनी ऐकल्या, पण एक अक्षर कधी बाहेर गेलं नाही. तुमचंही जाणार नाही.

तुमची नणंद, जी कपाटावर झोपायला तयार आहे


१२ मार्च

वन्सं,

तुम्ही शब्द दिलात म्हणून लिहिते. हे पत्र वाचून फाडा.

डॉक्टरला मी विचारलं नाही. विचारायचं कशाला? तो स्वतःच म्हणाला की गोळीने कातडी पातळ होते. मग जे मला कळलं ते त्याला कसं कळत नाही, की आधी गोळी थांबवावी?

तुम्हाला लाँड्रीतलं सांगते. चादरी पांढऱ्या व्हाव्यात म्हणून ब्लीचमध्ये टाकायच्या. फार वेळ राहिली की चादर दिसायला झकास, पण सुई घातली की धागाच कापड कापत जातो. दहा टाके घाला, दहाही सुटतात. नव्या पोरी तशाच शिवायला बसायच्या आणि मग रडायच्या. मी तसली चादर आधी साध्या पाण्यातून काढायचे. पुन्हा पुन्हा. ब्लीचचा वास पूर्ण गेला की वाळवायची, मगच सुई लावायची. मग टाका धरायचा.

तर मी स्वतःला पाण्यातून काढते आहे. डॉक्टरकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. दिवसभर पाणी पिते. चोवीस तारखेपर्यंत अंगातलं सगळं धुऊन निघेल, कातडी घट्ट होईल, जोड धरेल आणि तो "बहुतेक"वाला पिशवीचं नाव काढणार नाही.

सून हुशार आहे, सकाळी चहाबरोबर गोळी माझ्या तळहातावर ठेवते आणि उभी राहते. मी तोंडात टाकते, गालात धरते, पाणी पिते, मान हलवते. ती वळली की खिडकीतल्या कुंडीत. तिला वाटतं, म्हातारी झाडांवर माया करायला लागली.

सांधे बोंबलतात. बोटं सकाळी उघडत नाहीत, बटण नात लावून देते. उठलं की डोळ्यांपुढे अंधार येतो, अन्न नकोसं वाटतं, मळमळतं. धुताना कपड्यालाही बरं वाटत नसणारच. आता थोडंच राहिलं.

सुनेला अवाक्षर कळता कामा नये. ती डॉक्टरला सांगेल आणि तो पुन्हा सुरू करील, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. तुमच्यावर विसंबून आहे.

तुमची वहिनी


१६ मार्च

वहिनी,

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही माझ्यावर चिडलेल्या असाल. असाल अशी मला फार आशा आहे.

तुमचं पत्र आज दुपारी आलं. वाचलं आणि खाली ड्रायव्हरांकडे गेले, त्यांची मुलगी दवाखान्यात नर्स आहे, ती घरात होती. तुमचं नाव न सांगता विचारलं, की समजा एखादीने वर्षानुवर्षांची ही गोळी एकदम बंद केली तर? ती हातातला कप ठेवून म्हणाली, "समजा नको आजी, कोण आहे ती आणि कुठे आहे?"

मग मी फोन केला. भाच्याचा लागला नाही, तो कुठली तरी लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या विहिरीत उतरला असेल. म्हणून सुनेच्या कामावर, चष्म्याच्या दुकानात लावला आणि तिला सगळं सांगितलं. कुंडीसकट. फोन काऊंटरवर आपटल्याचा आवाज आला आणि मग दुकानाच्या दाराची घंटा.

दिलेला शब्द मोडला. नोकरीत असताना मोडला असता तर घरी बसवलं असतं, आणि बरोबर केलं असतं. तुम्ही काय शिक्षा द्यायची ती द्या. पण द्यायला राहा.

तुमची नणंद


२३ मार्च

ती. आत्याबाईंना नमस्कार.

फोनवर तुम्हाला तुकड्यातुकड्यांत सांगितलं, पण तुम्ही म्हणालात सगळं लिहून पाठव. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

त्या दिवशी तुमचा फोन आला आणि मी दुकानातून तशीच निघाले. घरी सासूबाई न्हाणीघराच्या दारात पडलेल्या होत्या. शुद्ध होती, पण अंग गार आणि बोलणं जड. उलट्या झाल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काही नाही, पोट बिघडलंय, तू दुकान सोडून का आलीस?" मी कुंडीकडे बघितलं. माती ओली होती आणि वर पांढरा चिकटा. मग सरळ रिक्षा बोलावली.

दवाखान्यात त्यांचं ब्लडप्रेशर लागतच नव्हतं. पोट फुगून दगड झालं होतं, गाठीने रस्ता पूर्ण बंद केला होता. ते लगेच ऑपरेशनला घ्यायला निघाले. मी मध्ये उभी राहिले आणि सांगितलं की अकरा वर्षांची स्टिरॉइडची गोळी यांनी पंधरवड्यापासून घेतलेली नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना थांबवलं. आधी शिरेतून तेच औषध दिलं, सलाईन दिलं. रात्रभर देत राहिले. सकाळी ब्लडप्रेशर वर आलं तेव्हा टेबलावर घेतलं. नंतर त्या मला म्हणाल्या, "न कळता भूल दिली असती, तर त्या टेबलावरून उठल्या नसत्या."

गाठ निघाली. पण त्या अवस्थेत जोड धरणार नाही म्हणून त्यांनी जोडच केला नाही. आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं आहे. पिशवी लावली आहे.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पोट चाचपलं. पिशवी हाताला लागली. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" मी तुमचं नाव घेतलं. खोटं बोलायला जमलं नाही. तेव्हापासून त्या तुमचा विषय काढू देत नाहीत. तुमचं सोळा तारखेचं पत्र आलं आहे, ते मी उशाशी ठेवलं होतं. त्यांनी उचलून खालच्या खणात टाकलं.

जखम खालच्या बाजूला अजून ओली आहे. ताप नाही, पण डॉक्टर म्हणतात या औषधावर असलेल्यांचा ताप आणि दुखणं आतल्या आत लपतं, म्हणून रोज पोट दाबून बघतात. मला भीती वाटते. तुमच्या भाच्याला सांगितलेलं नाही, तुम्हाला लिहिते.

तुमची भाचेसून


५ एप्रिल

वहिनी,

दोन ओळींचं पत्र आहे, खणात टाकायलाही जड नाही.

तुम्ही घरी आल्याचं कळलं. जखमेचा खालचा भाग उकलला आहे आणि रोज पट्टी बदलावी लागते, तेही कळलं. माफी मागायला लिहीत नाही. पुन्हा तसं पत्र आलं तर मी पुन्हा फोन करीन, तेव्हा माफी मागणं म्हणजे थाप होईल.

मला एवढंच कळवा की पत्रं पाठवू की नको. "नको" लिहिलंत तरी अक्षर तुमचं असू दे.

नणंद


२० मे

वन्सं,

दोन ओळींचं म्हणालात आणि पानभर लिहिलंत. टेलिफोनवाल्यांना मोजून बोलायची सवय असते असं ऐकून होते.

उशीर केला कारण हात उघडत नव्हता, आणि कारण मी तुमच्यावर संतापले होते. आधी राग पुरा करून घेतला. अर्धवट रागात पत्र लिहिलं तर पुढच्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही.

पहिले काही दिवस मी धरून चालले होते की पिशवी तुमच्यामुळे आली. तुम्ही गप्प बसला असतात तर चोवीसला घट्ट कातडीची होऊन टेबलावर गेले असते. हे मी डॉक्टरबाईला बोलून दाखवलं. ती खुर्ची ओढून बसली, हे मला आवडलं, उभ्याने बोलणारे मला चालत नाहीत. म्हणाली, "आजी, या गोळीत जे असतं ते आपल्या अंगातही तयार होतं. पण तुम्ही बाहेरून इतकी वर्षं दिलंत, तेव्हा आतल्याने काम सोडलं." मी म्हटलं, आयतं मिळायला लागल्यावर कोण हात हलवतो? ती म्हणाली, अगदी तसंच. आणि बाहेरचं तुम्ही एकदम बंद केलंत, आतला झोपलेलाच. अंगाला ताण पडला की हेच लागतं, नेहमीपेक्षा जास्त लागतं. म्हणून ऑपरेशनला आम्ही ते थांबवत नाही, वाढवून देतो. मग मी चादरीचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमचं चादरीचं बरोबर आहे, पण चादरीला टाके घालताना जिवंत राहावं लागत नाही.

यावर मी मान हलवली, आणि या वेळी खरी. तुम्ही असतात तर बघून ठेवलं असतंत.

ती असंही म्हणाली की ठरलेल्या दिवशी गोळीवर असताना धडधाकट आले असते तर जोड करून बघितला असता, आणि पिशवी लावलीच असती तर काही महिन्यांची. मी अर्धमेली होऊन आले म्हणून जोड केलाच नाही. म्हणजे पिशवी मीच पक्की केली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तुमच्या नावावर टाकलेलं काढून घ्यायला हवं म्हणून लिहिलं.

गाठ वाईटच होती. सगळी निघाली, बाहेर पसरलेली नव्हती, असं म्हणतात. जखम भरायला आख्खा एप्रिल गेला. आत बोटभर खड्डा होता, त्यात सून रोज कापूस भरायची.

आता पिशवीचं. दवाखान्यात सिस्टर बदलायच्या, त्यांचा तो धंदा, त्यांच्याकडे मी बघितलं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती भल्या पहाटे सुटली. अंथरूण, माझे कपडे, सगळं. नात आईजवळ झोपत होती म्हणून वाचली. सून उठून आली, दिवा लावला. मी तुमच्या आईसारखे डोळे मिटून घ्यायला गेले आणि मग म्हटलं, नाही, बघू दे. बघितलं तिच्या तोंडाकडे. जे असणार म्हणून मी जीव द्यायला निघाले होते, ते होतं. नाक आक्रसलं, ओठ दाबले गेले. अगदी माझ्यासारखे.

आणि मग ती म्हणाली, "घाण वास येतोय हो सासूबाई, थांबा, खिडकी उघडते." उघडली. परत आली, पुसायला लागली आणि पुसता पुसता गोळ्या कुंडीत टाकल्याबद्दल मला झाडायला लागली. झाड मेलं म्हणाली. मी म्हटलं, झाड तू पाणी घालत नाहीस म्हणून मेलं. आमचं तिथे भांडण झालं, मी उघडी पडलेली आणि ती हातात ओला टॉवेल घेऊन. भांडण संपेपर्यंत अंथरूणही बदलून झालं होतं.

तुमच्या आईला मी दीड वर्षात एकदाही म्हटलं नाही, की वास येतोय. मला वाटायचं, तेच चांगलं वागणं. तोंड बंद ठेवून मी खोली अशी कोंडून ठेवली होती की त्यांना डोळे मिटण्यावाचून जागा नव्हती. खिडकी तिथेही होती. एवढंच. याच्यावर तुम्ही मला काही लिहू नका, पुन्हा कागद फाडाल.

आता मी पिशवी स्वतः बदलते. बोटं साथ देतील त्या दिवशी मी, नाही देणार त्या दिवशी सून. ड्रायव्हरांना सांगा, पिशवी बदलण्याआधी तासभर काही खाऊ-पिऊ नये, सोपं जातं. त्यांना ते आधीच माहीत असेल तर मला कळवू नका.

मुख्य गोष्ट राहिली. डॉक्टर म्हणतात, पावसाळा संपला की पुन्हा पोट उघडून टोकं जोडता येतील, पिशवी जाईल. पण गोळी जन्माची आहे, कातडी हीच आहे, जोड सुटायची भीती होती तेवढीच आहे. करायलाच हवं असं नाही, तुम्ही ठरवा म्हणाले. घरात मात्र ठरूनच गेलं आहे. मुलगा रजेचं बघतो आहे. सून म्हणते, एकदा तुमची सुटका होऊ दे. नात पुन्हा माझ्या पलंगावर आली आहे, पाय मात्र स्वतःच्या अंगाशी धरून झोपते.

मी करणार नाही. पिशवी राहू दे. ज्या गोष्टीला भ्यायले होते ती बघून झाली, आणि ती खिडकी उघडण्याएवढीच निघाली. तिच्यासाठी मी दुसऱ्यांदा टेबलावर जाणार नाही.

हे अजून कोणाला बोललेले नाही. मुलगा हिरमुसेल, सून वाद घालेल, आणि मला ऐकू येत नसल्यामुळे वाद सगळ्या इमारतीला ऐकू जाईल. तेव्हा हे पत्र वाचून झालं की चष्म्याच्या दुकानात फोन लावा आणि सांगून टाका. तुम्ही सांगितलेलं ती ऐकते.

वहिनी